कॉर्डेलिया की रॉयल कॅरिबियन? दोन क्रूझची तुलना करायची कशी

आमच्या ठाण्याच्या सोसायटीत लोक मला दोनच कामांसाठी शोधतात: मेंटेनन्सची पावती आणि क्रूझ. पावती मी लगेच फाडून देते. क्रूझचा प्रश्न मात्र विचारला जातो तो असा: "काकू, मुंबईवरून सुटते ती चांगली की सिंगापूरवरून सुटते ती?" यावर मी उलट विचारते, बरोबर कोण येणार आहे? सासूबाई, की शाळेतली मुलं, की नुसते नवरा-बायको? ते कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही आणि ते कळल्यावर उत्तर बऱ्याचदा तुमचं तुम्हालाच मिळतं.

मी दोन्हीकडे जाऊन आले आहे. कॉर्डेलियाच्या एम्प्रेसवरून मुंबई-गोवा केलं, ते सासूबाईंना घेऊन. रॉयल कॅरिबियनच्या 'अँथम ऑफ द सीज'वरून सिंगापूर-पिनांग-फुकेत केलं, ते पुतण्याच्या कुटुंबाबरोबर. बँकेत आयुष्य कर्ज विभागात गेलं, त्यामुळे कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात काय छापलंय ते आधी वाचायची सवय आहे. खालची पद्धत त्याच सवयीतून आली. या दोन कंपन्यांच्या जागी दुसऱ्या कुठल्याही दोन ठेवल्या तरी ती चालेल.

कंपनी बाजूला ठेवा, आधी जहाज बघा

लोक कंपनीच्या नावावरून सुरुवात करतात. ते किती फसवं असतं याचं मजेदार उदाहरण म्हणजे हीच जोडी. कॉर्डेलियाची एम्प्रेस हे मुळात रॉयल कॅरिबियनचंच जहाज. १९९० साली फ्रान्समधल्या सँ-नाझेरच्या गोदीत ते बांधलं, तेव्हा नाव होतं 'नॉर्डिक एम्प्रेस'. २००४ मध्ये ते 'एम्प्रेस ऑफ द सीज' झालं, मग काही वर्षं स्पेनच्या पुलमंतुर कंपनीकडून फिरलं, २०१६ मध्ये माहेरी परत आलं आणि नंतर आपल्याकडे आलं. कॉर्डेलियाच्या मुंबईहून फेऱ्या सुरू झाल्या त्या सप्टेंबर २०२१ मध्ये. म्हणजे तुम्ही 'भारतीय क्रूझ' आणि 'अमेरिकन क्रूझ' अशी तुलना करत असता, तेव्हा खरं तर एकाच घरातल्या थोरल्या आणि धाकट्या जहाजाची तुलना करत असता. मधे पंचवीस वर्षांचं अंतर आहे, कारण अँथम २०१५ चं, जर्मनीत पापेनबुर्गच्या मायर वेर्फ्ट गोदीत बांधलेलं.

म्हणून वहीत पहिल्या ओळीवर जहाजाचं नाव, बांधणीचं वर्ष, लांबी, टनेज आणि प्रवासी लिहा. हे सगळं दहा मिनिटांत सापडतं. एम्प्रेस २११ मीटर लांब, ४८,५६३ टनेज. अँथम ३४८ मीटर, १,६८,६६६ टनेज. हे टनेज म्हणजे वजन नाही, जहाजाच्या आतली जागा मोजायचं माप आहे, आणि म्हणूनच ते आपल्या कामाचं. त्याला प्रवासीसंख्येने भागलं की माणशी किती ऐसपैसपणा मिळेल याचा अंदाज येतो. एका केबिनमध्ये दोघे धरले तर एम्प्रेसवर सुमारे १,६०० प्रवासी. भागाकार तीसच्या आसपास येतो. अँथमवर ४,१८०; भागाकार चाळीस. हा फरक लिफ्टपाशी, बुफेच्या रांगेत आणि पोहण्याच्या तलावावर जाणवतोच. फक्त एक भान ठेवा. आपली कुटुंबं एका केबिनमध्ये तिघं-चौघं राहतात, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत किंवा डिसेंबरच्या शेवटी हा आकडा दोन्हीकडे खाली येतो.

दुसरं, एम्प्रेस बांधलीच होती तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी. म्हणून शुक्रवारी जाऊन सोमवारी परत अशा मुंबईकर बेतात ती चपखल बसते. तिच्याकडून आठवडाभराची करमणूक मागणं बरोबर नाही. उलट अँथमवर दोनच रात्री गेलात, तर निम्मं जहाज न बघताच उतराल.

आणि एजंट नुसतं "रॉयल कॅरिबियन" म्हणाला तर थांबवून विचारा: कुठलं जहाज? सिंगापूरला कंपनी हंगामानुसार जहाजं बदलते. २०२२ मध्ये तिथे स्पेक्ट्रम होतं, २०२४ च्या अखेरीस अँथम आलं. शेजारच्या विंगमधल्यांनी गेल्या वर्षी काय पाहिलं ते तुम्हाला मिळेलच असं नाही.

जाहिरातीतला भाव खोडून टाका

जाहिरातीतला भाव म्हणजे लग्नपत्रिकेवरची जेवणाची वेळ. ती छापलेली असते, पाळली कुठेच जात नाही. ठाण्यातल्या एका एजंटने मला जो आकडा सांगितला होता, त्यात बंदर शुल्क नव्हतं, ग्रॅच्युइटी (म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची सक्तीची बक्षिसी) नव्हती आणि जीएसटीही नव्हता. तो खोटं बोलत नव्हता, मी विचारेपर्यंत गप्प होता इतकंच.

तुलना करायची ती 'माणशी, रात्रीमागे, सगळं धरून' या एकाच आकड्याची. त्यासाठी दोन रकाने आखा आणि खालच्या गोष्टी ओळीने भरा: केबिनचं भाडं, बंदर शुल्क व कर, ग्रॅच्युइटी, बंदरापर्यंत पोचण्याचा खर्च, आदल्या रात्रीचं हॉटेल, व्हिसा, विमा, वाय-फाय, पेयं, किनाऱ्यावरची सहल. बेरीज करा, माणसांनी भागा, रात्रींनी भागा.

मुंबईच्या रकान्यात बऱ्याच ओळी रिकाम्या राहतात, आणि तिथेच खरा फरक पडतो. ठाण्याहून ईस्टर्न फ्रीवेने टॅक्सी केली की बॅगांसकट बंदरावर. हॉटेल नाही, व्हिसा नाही, डॉलर नाहीत, जहाजावरचा हिशोब रुपयांत. सिंगापूरला साडेपाच तासांचं विमान, आणि विमान उशिरा आलं म्हणून जहाज थांबत नाही, तेव्हा आदल्या दिवशी पोचणं भाग आहे. सिंगापूरचं हॉटेल स्वस्त नसतं.

ग्रॅच्युइटीची ओळ सगळ्यात जास्त विसरली जाते. रॉयल कॅरिबियनवर साध्या केबिनसाठी ती माणशी दिवसाला १८.५० डॉलर आहे, स्वीटसाठी २१ डॉलर, आणि मुलांनाही लागते. चौघं, चार रात्री: २९६ डॉलर. ही रक्कम आधी भरता येते किंवा जहाजावरच्या खात्यावर रोज पडते. शिवाय पेयांच्या बिलावर १८ टक्के वेगळे. आमचे हे दारू घेत नाहीत, तरी ताजा संत्र्याचा रस आणि यंत्रातली झागवाली कॉफी यांचं बिल त्यांनी व्यवस्थित केलं. बुफेतला चहा, साधी कॉफी आणि पाणी मोफत असतं. पेयांचं पॅकेज घेण्याआधी घरातली माणसं दिवसाला खरोखर किती पेले रिचवतात ते प्रामाणिकपणे मोजा.

आणखी दोन आकडे बँकवाल्यांनाच आठवतात. एक, परदेशी टूर पॅकेज घेतलं तर एजंट त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतो. तो खर्च नव्हे, आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. पण तोवर पैसे अडकलेले असतात, तेव्हा पॅन नीट द्या आणि प्रमाणपत्र मागून घ्या. दोन, एकटा माणूस जाणार असेल तर त्याला जवळजवळ दोघांचं भाडं पडतं, आणि उलट एका केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला भाडं कमी लागतं. चौघांच्या कुटुंबाला स्वस्त वाटलेली क्रूझ एकट्या मावशीला महाग का पडते, याचं कोडं इथे सुटतं.

हे सगळं करून झाल्यावर मला दिसलं ते असं: रात्रीमागे जहाजाच्या भाड्यात दोन्हीकडे तितका फरक नसतो, जितका जाहिरातीवरून वाटतो. सिंगापूरची सफर महाग पडते ती जहाजामुळे कमी आणि जहाजापर्यंत पोचण्यामुळे जास्त. तुम्ही तसेही सिंगापूरला जाणारच असाल, तर त्याच प्रवासाला क्रूझ जोडणं हा चांगला व्यवहार आहे. निव्वळ क्रूझसाठी विमानाचं तिकीट काढताना मात्र दोनदा विचार करा.

केबिन: बाल्कनी हवीच का?

नव्या मोठ्या जहाजांवर बाहेरच्या बाजूच्या बहुतेक केबिनना बाल्कनी असते. १९९० च्या जहाजांवर बाल्कन्या थोड्याच, आणि साध्या केबिनही आटोपशीर. एम्प्रेसवर साधी खिडकीची केबिन घेऊन आम्ही मजेत होतो, कारण झोपण्याशिवाय आत कुणी थांबतच नव्हतं. अँथमवर आतल्या काही केबिनमध्ये भिंतभर उंचीचा पडदा असतो आणि त्यावर बाहेरच्या समुद्राचं चालू चित्र दिसतं. पुतण्याच्या मुलाला ते खऱ्या बाल्कनीपेक्षा जास्त आवडलं.

निवडताना जहाजाचा नकाशा उघडा आणि एकच नियम पाळा: तुमच्या केबिनच्या वर केबिन आणि खाली केबिन असावी. वर बुफे असेल तर पहाटे खुर्च्या सरकतात. खाली थिएटर किंवा डीजे असेल तर मध्यरात्रीपर्यंत धप-धप. मुंबईच्या जहाजावर नाचगाणं उशिरापर्यंत चालतं, म्हणून तिथे हा नियम दुप्पट कडक समजा. ज्येष्ठांसाठी लिफ्टजवळची केबिन मागा, पण अगदी समोरची नको. चाकाची खुर्ची आत जाईल अशा केबिन मोजक्याच असतात आणि त्या आधी संपतात.

बोट लागते त्यांच्यासाठी

सासूबाई देवगडच्या. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायच्या, डेकवर वळकटी टाकून. त्या काळी बोट लागली नाही असं माणूस विरळा. एम्प्रेसवर चढताना त्यांच्या कनवटीला सुंठ होती आणि पिशवीत आवळासुपारीचा डबा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अरबी समुद्र बऱ्यापैकी शांत असतो; सुंठ तशीच घरी परत आली. पण मे संपत आला की समुद्र फुगायला लागतो. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे मासेमारीला बंदी असते, त्या दिवसांत हौसेनं समुद्रात जायला कुणी सांगत नाही. पावसाळ्यात हे जहाज बहुधा चेन्नईकडे, पूर्व किनाऱ्यावर नेतात.

सिंगापूर ते पिनांग हा प्रवास मलाक्काच्या सामुद्रधुनीतून होतो. एका बाजूला सुमात्रा, दुसऱ्या बाजूला मलेशिया. मोठ्या लाटांना आत यायला वावच नाही. शिवाय जहाज इतकं मोठं की पेल्यातलं पाणी हलत नाही. ज्याला एसटीतही गाडी लागते त्याने पहिल्यांदा हा मार्ग धरावा. फुकेतचं तेवढं वेगळं: मे ते ऑक्टोबर अंदमान समुद्रावर पावसाळी वारे असतात आणि तिथे किनाऱ्याची बाजू उघडी असते.

कुठल्याही जहाजावर मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन कमी हलते. वरची, टोकाची केबिन महाग असूनही सगळ्यात जास्त झुलते. गोळी घ्यायचीच असेल तर ॲव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून जहाज सुटायच्या आधी घ्यावी; मळमळायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही, आणि तिने झोप येते हेही लक्षात ठेवा.

एक गोष्ट मात्र लहान जहाजाच्या बाजूने बोलायलाच हवी. एम्प्रेसवर तुम्ही पाण्याच्या जवळ असता. कठड्याला टेकलं की लाट फुटताना ऐकू येते, वाऱ्याला खारट वास असतो, संध्याकाळी दूरवर मच्छीमार बोटींचे दिवे दिसतात. सासूबाई त्या दिव्यांकडे बघत "हे आलं असेल जयगड, हे आलं असेल विजयदुर्ग" असा हिशोब करत बसल्या होत्या. अँथमवर मजले इतके, दुकानं इतकी, की समुद्र आहे हे मुद्दाम जाऊन बघावं लागतं. ज्याला समुद्र हवा त्याने लहान जहाज घ्यावं, हे माझं ठाम मत आहे, भले तिथे नकली लाटांवर घसरायची सोय नसो.

जेवण

शाकाहारी, त्यातही जैन माणसं बरोबर असतील तर मुंबईच्या जहाजावर डोळे मिटून जा. पोहे, इडली, वरण-भात, पराठे सगळं आहे. कांदा-लसूण नको म्हटलं तर कुणी भुवया उंचावत नाही. सिंगापूरच्या जहाजावर उपाशी राहाल असं नाही. विंडजॅमर नावाच्या बुफेत भारतीय पदार्थांचा कोपरा असतो, आणि मुख्य भोजनगृहात सांगितलं तर भारतीय शाकाहारी ताट मिळतं. पण तिथे दोन कामं करावी लागतात. नोंदणी करतानाच आहार लेखी कळवा. आणि पहिल्या रात्री मुख्य वेटरला गाठून उद्या काय हवं ते आजच सांगा. स्वयंपाकघराला एक दिवस मिळाला की ते मनापासून करतात. 'व्हेज' दिसलं म्हणून लगेच वाढून घेऊ नका. अंडं आहे का, माशाचा सॉस आहे का, हे दोन प्रश्न स्पष्ट विचारा.

मासे खाणाऱ्यांना माझा सल्ला वेगळा. कुठल्याही क्रूझवर सुरमई तव्यावर परतून मिळण्याची आशा ठेवू नका. ती गोव्यात उतरून खा.

मुलं, म्हातारी माणसं आणि मधली

तिसरी ते दहावीतली मुलं असतील तर मोठं जहाज जिंकतं, यात वाद नाही. अँथमवर नॉर्थ स्टार नावाची काचेची कुपी क्रेनच्या हाताने समुद्रसपाटीपासून नव्वद मीटरहून उंच जाते; हवेत तरंगायचा उभा बोगदा आहे, लाटांवर घसरायचं यंत्र आहे, बंपर कार आहेत, आणि एका बारमध्ये यंत्रमानवाचे हात पेयं बनवतात. तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी वेगळी देखरेखीची जागा आहे. यातल्या काही गोष्टी भाड्यातच येतात, काहींचे पैसे पडतात, आणि ज्यांना आरक्षण लागतं त्यांच्या वेळा पहिल्याच दुपारी भरतात. चढल्याबरोबर बुफेकडे न धावता आधी ॲप उघडा.

मुंबईच्या जहाजाचा जीव माणसांत आहे. हिंदी गाण्यांवरचे कार्यक्रम, जादूचे प्रयोग, तंबोला, एखाद्या कंपनीचा नाहीतर कुणाच्या साठीचा मोठा गट. सासूबाईंना तासाभरात बोलायला चार बायका मिळाल्या, त्यातली एक तर कुडाळची निघाली. अँथमवर सासूबाईंना दिवसभर कुणाशी बोलायचं हा प्रश्न पडला असता. ज्यांना इंग्रजी जमत नाही त्यांच्यासाठी हा मुद्दा जेवणापेक्षाही मोठा आहे, आणि तो कुठल्याच तक्त्यात नसतो.

ज्यांना शांतता हवी आहे, पुस्तक घेऊन बसायचं आहे, त्यांनी सुट्टीच्या शनिवार-रविवारी मुंबईहून जाऊ नये. आठवड्याच्या मधली फेरी बघावी. गर्भवतींनी दोन्हीकडची अट आधी वाचावी. रॉयल कॅरिबियन सफर संपेपर्यंत तेविसाच्या पुढचा आठवडा चालू देत नाही.

बंदरं आणि घड्याळ

कार्यक्रमपत्रिकेवर बंदराचं नाव असतं, पण तुम्हाला हवा असतो तो हातात येणारा वेळ. जहाज लागायची वेळ आणि सुटायची वेळ लिहा, उतरायला एक तास आणि परत चढायला एक तास वजा करा, मग रस्ता वजा करा. उरेल तो तुमचा.

गोव्यात जहाज मुरगावला, वास्कोजवळ लागतं. लोकांच्या डोक्यात कलंगुट असतं. ते उत्तरेला, पणजीच्याही पलीकडे. पणजीच मुरगावपासून तीसेक किलोमीटर आहे. आम्ही समुद्रकिनारा सोडून दिला आणि गाडी करून मंगेशीला गेलो, तिथून कवळ्याला शांतादुर्गेची ओटी भरली. ज्यांचं कुलदैवत फोंडा तालुक्यात आहे अशा मराठी घरांना हा बेत खरोखर सोयीचा पडतो. लक्षद्वीपच्या फेरीत मात्र जहाज खोल पाण्यात थांबतं आणि लहान होडीत उतरून जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांना ते जड जातं, आणि वारा वाढला की कप्तान उतरूच देत नाही. तिथे प्रवेश परवानाही लागतो, त्याची कागदपत्रं वेळेत द्या.

पिनांग सगळ्यात सोपं. जहाज जॉर्ज टाऊनच्या अगदी पायथ्याशी, स्वेटनहॅम धक्क्याला लागतं. बाहेर पडून चालत लिटल इंडियात जा, गरम डोसा खा, जुन्या चिनी घराण्यांची मंदिरं बघा आणि चालत परत या. टॅक्सीचे पैसेसुद्धा वाचतात. फुकेतला मोठी जहाजं बहुधा पातोंगसमोर नांगर टाकतात आणि होड्यांनी नेतात, म्हणजे पुन्हा गुडघ्यांचा प्रश्न. पोर्ट क्लांगला 'क्वालालंपूर' म्हणून विकतात. शहर तिथून तासाहून जास्त लांब आहे.

थायलंडचं घड्याळ सिंगापूर-मलेशियाच्या एक तास मागे आहे. जहाज आपली वेळ बदलेल की नाही ते त्या दिवशीच्या पत्रकात लिहिलेलं असतं. मोबाईल आपोआप स्थानिक वेळ दाखवतो, म्हणून हातात साधं घड्याळ घालून जहाजाच्या वेळेवर लावा. कंपनीची सहल उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. तुम्ही स्वतः केलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही. लांब जायचं असेल तर कंपनीची महाग सहल घ्या, जवळ असेल तर स्वतः फिरा. मी तरी असंच ठरवते.

बंदर रद्द होऊ शकतं, हे दोन्ही कंपन्यांच्या अटींत आहे. हवामान बिघडलं की मार्ग बदलायचा अधिकार कप्तानाचा. त्यामुळे केवळ एका बंदरासाठी क्रूझ निवडू नका.

कागदपत्रं

मुंबई-गोव्याला प्रत्येकाचं सरकारी छायाचित्र ओळखपत्र पुरतं, मुलांचंही लागतं. तिकिटावर टर्मिनल आणि गेट नीट वाचा. बॅलार्ड पिअरचं जुनं टर्मिनल आणि इंदिरा गोदीतलं नवं यात टॅक्सीवाल्याचा गोंधळ होतो.

सिंगापूरहून जाताना पासपोर्ट सहा महिने पुढचा हवा. जहाज सिंगापूर सोडून परत सिंगापूरलाच येतं, म्हणजे तुम्ही त्या देशात दोनदा शिरता. व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, हे छापील कागदावर बघा. सिंगापूरचं आगमन कार्ड येण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं आणि जहाजावरून परत येतानाही पुन्हा भरावं लागतं. मलेशिया आणि थायलंड यांनी अलीकडे भारतीयांना व्हिसामाफी दिली, पण अशा सवलतींना मुदत असते. सुटायच्या आठवड्यात तपासा. परदेशी विमा घ्याच. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल डॉलरमध्ये येतं आणि आपली नेहमीची आरोग्य पॉलिसी तिथे सहसा चालत नाही.

चढल्यावर

धक्का सोडला की फोन विमान मोडवर टाका, नाहीतर तो जहाजाच्या स्वतःच्या नेटवर्कला जाऊन चिकटतो आणि बिल नंतर कळतं. अँथमवर उपग्रहाचं इंटरनेट चांगलं चालतं, पैसे देऊन. प्लगचं म्हणाल तर तिथे अमेरिकन आणि युरोपियन अशी दोन्ही भोकं असतात. आपली दोन गोल पायांची पिन युरोपियनमध्ये बसते. इस्त्री आणि पाणी उकळायची किटली नेऊ नका, दारावरच काढून घेतात. लाडू-चिवडा न्यायचा मोह झाला तर पॅकबंद खाऊच ठेवा.

सुरक्षा कवायत दोन्हीकडे सक्तीची आहे. रॉयल कॅरिबियनवर सूचना फोनवर बघून नंतर आपल्या जमण्याच्या जागी हजेरी लावायची असते. तिथे हजेरी लागेपर्यंत जहाजावरची सुट्टी सुरू झाली असं समजू नका.

चढताना खात्याला कार्ड जोडायला सांगतात. इथे माझ्या जुन्या नोकरीतलं एक सांगते. जहाज तुमच्या कार्डावर अंदाजे रक्कम अडवून ठेवतं आणि खरं बिल झाल्यावर ती सोडली जाते. डेबिट किंवा फोरेक्स कार्डावर अशी अडवलेली रक्कम मोकळी व्हायला कित्येक दिवस लागतात आणि तोवर ती तुम्हाला वापरता येत नाही. म्हणून जहाजाला क्रेडिट कार्ड द्या आणि फोरेक्स कार्ड किनाऱ्यावरच्या खर्चाला ठेवा. शेवटच्या संध्याकाळी, मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या आधी, औषधं आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत काढा, रिसेप्शनवर जाऊन बिल छापून घ्या आणि ओळीओळीने तपासा. सकाळी तिथे रांग असते, संध्याकाळी जेवणाच्या वेळेला कुणीच नसतं.